‘रिमास्टर्ड’ या शिक्क्यामागे काय असतं? झीझी टॉपच्या ‘त्रेस ओम्ब्रेस’च्या निमित्ताने

कुठल्याही म्युझिक ॲपवर साठ-सत्तरच्या दशकातला एखादा गाजलेला रॉक अल्बम शोधा. नाव तेच, मुखपृष्ठ तेच, पण नोंदी तीन-चार. एकीपुढे ‘रिमास्टर्ड’, दुसरीपुढे ‘डिलक्स’, तिसरीपुढे पन्नासाव्या वाढदिवसाचा उल्लेख. बहुतेक जण पहिली दिसेल ती लावतात आणि आपल्या कामाला लागतात. त्यात फारसं बिघडतही नाही. पण काही अल्बम असे आहेत की तुम्ही कुठली आवृत्ती निवडता यावर तुमच्या कानावर कुठलं वादन पडणार हेच बदलतं. टेक्सासच्या झीझी टॉप या त्रिकुटाचा ‘त्रेस ओम्ब्रेस’ हे त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण.

ज्यांनी नव्वदच्या दशकात केबलवर एमटीव्ही पाहिलाय त्यांना झीझी टॉप म्हटलं की छातीपर्यंत दाढ्या, काळे गॉगल आणि लाल रंगाची जुनी मोटार आठवते. ती १९८३ च्या ‘एलिमिनेटर’ची कमाई. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. पण त्याच्या दहा वर्षं आधी, जुलै १९७३ मध्ये, दाढ्या वाढायच्या होत्या आणि सिंथेसायझर दूर होते, तेव्हा या तिघांनी जेमतेम तेहतीस मिनिटांचा, दहा गाण्यांचा एक अल्बम काढला. गिटारवर बिली गिबन्स, बेसवर डस्टी हिल, ड्रम्सवर फ्रँक बिअर्ड. मिसिसिपी आणि टेक्सासचा ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत), त्यावर रॉकचा जोर आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोचा मसाला. आतल्या दुपानी कव्हरवर चक्क मेक्सिकन जेवणाने भरलेल्या टेबलाचा फोटो आहे. अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत हा अल्बम आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचला, आणि ‘ला ग्रेंज’ या गाण्याने बँडला घराघरांत नेलं.

मग १९८७ मध्ये या अल्बमचा आवाज बदलण्यात आला. मूळ आवाज सीडीवर यायला २००६ उजाडलं. मधली एकोणीस वर्षं ज्यांनी सीडी विकत घेतली, त्यांनी वेगळंच काहीतरी ऐकलं.

आधी तीन शब्द समजून घेऊ

स्टुडिओत गाणं तीन टप्प्यांत तयार होतं. पहिला टप्पा ध्वनिमुद्रणाचा. सत्तरच्या दशकात त्यासाठी रुंद चुंबकीय टेप वापरत, आणि तिच्यावर सोळा समांतर पट्ट्या असत. त्या प्रत्येक पट्टीला ‘ट्रॅक’ म्हणतात. एका ट्रॅकवर गिटार, दुसऱ्यावर गायन, चार-पाच ट्रॅकवर ड्रम्सचे वेगवेगळे भाग, असं.

दुसरा टप्पा मिक्सिंग. हे सगळे ट्रॅक एकत्र आणून डावा आणि उजवा असे दोनच उरवायचे. कोण मोठ्याने, कोण हळू, कोण डाव्या कानात, कोणाच्या आवाजावर किती घुमारा, हे सगळं इथे ठरतं. निघालेल्या दोन ट्रॅकच्या टेपला ‘मास्टर टेप’ म्हणतात.

तिसरा टप्पा मास्टरिंग. मास्टर टेपवरून विक्रीच्या प्रती काढण्याआधी तिचा एकूण समतोल बघायचा. खर्ज जरा कमी, टीपेचे सूर जरा पुढे, दोन गाण्यांमधली शांतता किती, सगळ्या गाण्यांची पातळी एकसारखी आहे का. इथे एकटी गिटार वर आणता येत नाही, कारण ती आता बाकीच्या वाद्यांत मिसळून गेलेली आहे.

लग्नातला ग्रुप फोटो डोळ्यांसमोर आणा. कोण खुर्चीवर बसणार, कोण मागे उभं राहणार, कोणाला पुढे घ्यायचं, ही फोटोग्राफरची धावपळ म्हणजे मिक्सिंग. नंतर स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हवरून कागदावर फोटो काढताना उजेड किती द्यायचा, चेहरे काळवंडू नयेत म्हणून काय करायचं, ते मास्टरिंग. रिमास्टर म्हणजे जुनी निगेटिव्ह शोधून, पुसून, तिच्यावरून नव्याने काढलेला फोटो. आणि रिमिक्स? सगळ्या वऱ्हाडाला परत बोलावून वेगळ्या रांगेत बसवायचं.

मास्टरिंगची गरज मुळात पडली कशाला?

एलपीच्या खोबणीमुळे. तबकडीवर आवाज म्हणजे खोबणीची नागमोडी वळणं. खर्जाचे सूर खोबणीला रुंद वळणं घ्यायला लावतात, मग एका बाजूला वेळ कमी मावतो आणि सुई उडायचा धोका असतो. म्हणून तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, टीप वाढवतात, आणि तुमच्या घरचा ॲम्प्लिफायर ते उलटं करून मूळ समतोल परत आणतो. हे गणित १९५४ पासून जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवलं.

दुसरी अडचण भूमितीची. तबकडी मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, पण कडेला एक फेरा म्हणजे जवळपास ९२ सेंटिमीटर लांबीची खोबण आणि आतल्या टोकाला जेमतेम ३८. तितक्याच वेळातला आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. म्हणून शेवटच्या गाण्यांचे ‘स’कार अनेकदा चरचरतात, आणि म्हणून अनेक निर्माते हळुवार गाणी बाजूच्या शेवटी टाकत.

ह्या अडचणींसाठी मास्टर टेपची एक खास तडजोड केलेली प्रत काढली जाई, फक्त तबकडी कापायला. पुढे १९८२ मध्ये सीडी आली, आणि घाईघाईत जुने अल्बम सीडीवर चढवताना कंपन्यांनी जी टेप हाताशी लागली ती वापरली. बऱ्याचदा ती हीच तबकडीसाठीची प्रत असे, किंवा प्रतीची प्रत. दर प्रतीमागे टेपची सूंऽऽ अशी खरखर वाढत जाते. फोटोचा फोटो, त्याचाही फोटो काढावा तसं. सुरुवातीच्या सीडी रुक्ष वाटतात अशी जी तक्रार असते, तिच्यातली मोठी चूक सीडीची नसून तिच्यात ओतलेल्या टेपची होती. रिमास्टरच्या लाटेला इथून खरं निमित्त मिळालं.

१९८७ मध्ये काय झालं?

‘एलिमिनेटर’ने झीझी टॉपला नवा, तरुण श्रोता दिला. त्याच्या कानाला ड्रम मशीनची सवय. त्याला जुने अल्बम सीडीवर विकायचे, तर ते ‘आजचे’ वाटायला हवेत, असा विचार झाला. त्यातून ‘सिक्स पॅक’ नावाचा संच निघाला, तीन सीडींमध्ये सहा अल्बम. त्यातल्या पाच अल्बमचं नुसतं मास्टरिंग बदललं नाही, तर मूळ ट्रॅकवर परत जाऊन त्यांचं रिमिक्स केलं. फ्रँक बिअर्डच्या ड्रम्सवर त्या काळचा डिजिटल घुमारा चढवला, ठोके फुगवले, धार दिली. फोटोच्या भाषेत सांगायचं तर रांगा बदलल्याच, वर मागच्या रांगेतल्या काकांना फॅशनचा गॉगल चिकटवला.

आपल्याकडे हे परकं वाटायचं कारण नाही. त्याच सुमाराला भारतात कॅसेटवर जुनी हिंदी गाणी ‘झंकार बीट्स’ लावून विकली जात होती. रफी-लतांच्या गाण्याखाली इलेक्ट्रॉनिक ढोलक्या टणटणत. रिक्षात, पानाच्या ठेल्यावर ती जोरात चालली हे खरं, पण ती ऐकून मूळ गाण्यातला वाद्यवृंद कसा होता हे कोणाला कळणार नव्हतं. फरक एवढाच की कॅसेटवर ‘झंकार’ असं ठसठशीत छापलेलं असे. झीझी टॉपच्या सुट्या सीडी मात्र मूळ मुखपृष्ठातच विकल्या गेल्या, आणि आत हाच बदललेला आवाज होता. नव्याने ऐकणाऱ्याला १९७३ चा बँड असाच वाजत होता असं वाटलं तर त्याचा काय दोष?

एका गाण्यात फरक कुठे ऐकायचा?

‘ला ग्रेंज’ घ्या. सुरुवातीला फक्त गिटार, जवळजवळ विजेविना वाजवल्यासारखी साधी, आणि तिच्यासोबत ड्रमच्या कडेवर पडणारी काठीची टकटक. वर गिबन्सचं घशातल्या घशात पुटपुटणं. विषय टेक्सासमधल्या ला ग्रेंज गावाबाहेरच्या एका बदनाम कोठीचा, त्यामुळे तो हळू आवाज शोभतो. मग ड्रमवर एक छोटी गडगड, आणि तिघंही एकदम अंगावर येतात.

मूळ मिक्समध्ये हे सगळं एका लहान खोलीत घडतं. ड्रम कोरडा, आवाज लगेच थांबणारा, बेस आणि लाथेचा ड्रम एकमेकांना चिकटलेले. ठोका संपला की पुढच्या ठोक्यापर्यंत शांतता आहे, आणि त्या शांततेत गिटारच्या तारेवर घासणारा पिक (तार छेडायची छोटी चकती) ऐकू येतो. ब्लूजची ही जुनी युक्ती, वाजवण्याइतकंच न वाजवणं. रिमिक्समध्ये त्या मोकळ्या जागा घुमाऱ्याने भरून गेल्या. ड्रम एखाद्या रिकाम्या गोदामात वाजतोय आणि बाकीचे दोघं दुसरीकडे आहेत असं वाटतं. पुढे सोलोला गिबन्स ‘ए’वरून ‘सी’ सुरात उडी मारतो आणि अंगठ्याच्या कडेने तार दाबून त्या किंचाळत्या शिट्या काढतो. त्याची गिटार, १९५५ ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, रिमिक्समध्येही छानच वाजते. पण तिच्या खालची जमीन हललेली असते.

दुसरी जागा अगदी सुरुवातीला. पहिलं गाणं ‘वेटिन फॉर द बस’ संपतं आणि श्वासही न घेता ‘जीझस जस्ट लेफ्ट शिकागो’ सुरू होतं. अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं आजही ही दोन गाणी जोडीनेच वाजवतात. गिबन्सच्या सांगण्यानुसार हा जोड अपघाताने पडला, टेपचे तुकडे जोडताना इंजिनिअरकडून मधली कोरी टेप जरा जास्तच कापली गेली. ऐकून सगळ्यांनाच बरं वाटलं म्हणून तसंच ठेवलं. पात्याच्या त्या एका घावाने अल्बमची चाल ठरवली.

मग २००६ च्या आवृत्तीने काय सुधारलं?

तिने सुधारलं कमी आणि परत जास्त दिलं. २००६ मध्ये ‘त्रेस ओम्ब्रेस’ आणि ‘फान्दांगो’ हे दोन अल्बम मूळ मिक्सवरून रिमास्टर होऊन आले, पहिल्यासोबत प्रत्यक्ष कार्यक्रमातली तीन गाणी जोडून. टायलर गावातल्या रॉबिन हूड ब्रायन्स यांच्या स्टुडिओत आणि मेम्फिसच्या आर्डेंट स्टुडिओत इंजिनिअर टेरी मॅनिंग यांच्या हाताखाली जे घडलं होतं, ते पहिल्यांदाच सीडीवर नीट ऐकू आलं. ज्यांच्याकडे १९७३ ची एलपी होती त्यांना यात नवल नव्हतं. सीडीवर वाढलेल्या पिढीला मात्र हा वेगळाच बँड वाटला. कमी चकचकीत, पण कितीतरी जास्त दांडगा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातून एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी. कुठल्याही रिमास्टरपुढे ‘आवाज सुधारला का’ हे नंतर विचारा, आधी विचारा ‘कोणत्या टेपवरून केलंय, आणि मिक्स मूळचंच आहे का’.

‘रिमास्टर म्हणजे नुसता आवाज मोठा करणं’, हे खरं आहे का?

बऱ्याचदा, दुर्दैवाने, हो. दोन आवृत्त्या लागोपाठ ऐकवल्या तर किंचित मोठी असलेली आपल्याला सरस वाटते. कानाचा हा स्वभावच आहे. मंद आवाजात खर्ज आणि टीप आपल्याला कमी ऐकू येतात, आवाज वाढला की त्या दोन्ही भरून येतात. कंपन्यांना हे नव्वदच्या दशकात पक्कं उमगलं.

पण डिजिटलमध्ये एक छत असतं, त्याच्या वर आवाज जातच नाही. मग सरासरी पातळी वर न्यायची तर मोठे ठोके दाबायचे आणि हळू जागा उचलायच्या. याला कॉम्प्रेशन म्हणतात. (एमपीथ्री फाईल लहान करणारं कॉम्प्रेशन निराळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) थोडं कॉम्प्रेशन रॉकला हवंच असतं. जास्त झालं की पुटपुटणं आणि गर्जना एकाच उंचीवर येतात आणि दहा मिनिटांत डोकं दुखायला लागतं. ‘ला ग्रेंज’सारख्या गाण्याचा सगळा डाव हळूवरून मोठ्यावर जाण्याचा, ती पायरीच सपाट केली तर उरतं काय?

२००८ मध्ये मेटालिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमवरून याची जाहीर चर्चा झाली. तीच गाणी गिटारच्या एका व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली होती आणि ती सीडीपेक्षा मोकळी वाजतात हे चाहत्यांच्याच लक्षात आलं. रिमिक्स करून द्या म्हणून त्यांनी सह्यांची मोहीम काढली. आता स्ट्रीमिंग सेवा सगळ्या गाण्यांची पातळी आपणच सारखी करतात, त्यामुळे मोठ्याने मास्टर केलेल्या गाण्याचा फायदा बराचसा संपलाय. दाबल्याचा तोटा मात्र गाण्यात तसाच राहतो.

‘साध्या इअरफोनवर असला फरक कळतच नाही’

कुठला फरक म्हणता त्यावर आहे. सीडीच्या १६ बिटऐवजी २४ बिटची महागडी फाईल घेतली तर शंभरातल्या बहुतेकांना काही कळणार नाही, आणि त्यात कानाचा दोष नाही. सीडी २२,००० हर्ट्झपर्यंतचे सूर धरते, माणसाचा कान तरुणपणी वीस हजारापर्यंत जातो आणि वयाबरोबर खाली येतो. तिथे पैसे घालवू नका. पण रिमिक्सचा फरक बसमध्ये, शंभर-दोनशे रुपयांच्या इअरफोनवरही कळतो, कारण तिथे वाद्याचा पोतच बदललेला असतो.

पारख करायची तर एकच पथ्य. दोन्ही आवृत्त्यांचा आवाज बटणाने सारखा करून घ्या. आणि गाणं अख्खं ऐकू नका, तेच वीस सेकंद आलटून पालटून ऐका. स्नेअर ड्रमचा (तो कडक, टणक वाजणारा ड्रम) ठोका संपल्यावर काय उरतं तिकडे कान द्या.

‘जुनाच माल पुन्हा विकायचा धंदा आहे हा’

धंदा आहेच. वाढदिवसाच्या जाडजूड पेट्या, पोस्टर, बिल्ले, एखाद्या गाण्याची पाचवी अर्धवट चाचणी, यांतलं बरंचसं भाविकांसाठी असतं. पण टेप ही नाशवंत वस्तू आहे, हे त्याच्या जोडीने लक्षात ठेवावं लागतं. सत्तरच्या मध्यानंतरच्या काही टेप्सचा चिकट थर हवेतला दमटपणा शोषतो आणि वाजवताना यंत्राला चिकटून निघून येतो. अशा टेप्स पन्नास-पंचावन्न अंश तापमानात काही तास चक्क भाजाव्या लागतात, मग थोडे दिवस त्या वाजतात, तेवढ्यात उतरवून घ्यायच्या. जून २००८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली आणि मूळ टेप्सचा मोठा साठा जळाला. आगीत टेप्सचं किती नुकसान झालं याचा जाहीर बोभाटा तर थेट २०१९ मध्ये झाला. विक्रीच्या आशेशिवाय कोणी गोदामातून टेप काढून, तपासून, उतरवून ठेवेल असं मला वाटत नाही.

ब्लूजवाल्यांचं काय?

आवाज स्वच्छ झाला की उसनवारीही स्वच्छ दिसते. ‘ला ग्रेंज’चा ठेका कुणाकडून आला हे लपत नाही. ब्लूज गायक जॉन ली हूकर यांनी १९४८ मध्ये डेट्रॉइटमध्ये ‘बूगी चिलन’ रेकॉर्ड केलं, एकटी गिटार आणि पायाचा ठेका, बस्स. त्या गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे होते त्या बर्नार्ड बेसमन यांनी नव्वदच्या दशकात झीझी टॉपवर दावा लावला. १९९५ मध्ये अपील न्यायालयाने वेगळाच मुद्दा धरला. जुन्या कायद्यानुसार रेकॉर्ड बाजारात विकणं म्हणजे गाणं ‘प्रकाशित’ करणं, आणि तेव्हा नोंदणी वगैरे सोपस्कार वेळेत केले नसतील तर हक्क गेलेच समजा. संगीत कंपन्यांचं धाबं दणाणलं, कारण असल्या हजारो जुन्या गाण्यांवर हाच निकाल लागू झाला असता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदाच बदलला: १९७८ पूर्वीची रेकॉर्ड विकली म्हणून त्यातली रचना प्रकाशित ठरत नाही.

एका कोठीवरच्या गाण्याने देशाचा कायदा बदलायला लावला. हूकर यांचं ते गाणं आधी ऐका आणि लगोलग मूळ मिक्समधलं ‘ला ग्रेंज’. पंचवीस वर्षांचं अंतर तीन-चार मिनिटांत पार होतं. रिमिक्समध्ये हा दुवा लागत नाही, कारण पायाचा ठेका जिथे असायला हवा तिथे यंत्राचा घुमारा आहे.

मग नेमकी कुठली आवृत्ती लावू?

‘त्रेस ओम्ब्रेस’ आणि ‘फान्दांगो’साठी २००६ ची. त्यात तीन थेट कार्यक्रमातली गाणी शेवटी दिसली की ओळखायचं, ‘त्रेस ओम्ब्रेस’ची बरोबर आवृत्ती हीच. जुन्या बाजारात सीडी घेत असाल तर वर्ष बघून घ्या. ऐंशीच्या अखेरीची किंवा नव्वदची असेल तर आत रिमिक्स आहे असं धरून चाला, मुखपृष्ठ काहीही सांगो. ‘फर्स्ट अल्बम’, ‘रिओ ग्रांद मड’ आणि ‘तेहास’ या बाकीच्या तिघांना मात्र जास्त थांबावं लागलं. मूळ मिक्ससह ते सीडीवर आले २०१३ च्या संपूर्ण संचात, म्हणजे सव्वीस वर्षांनी. आणि १९८७ चं रिमिक्सही एकदा जरूर ऐका. ते वाईट केलेलं नाही, त्या वर्षाच्या फॅशनप्रमाणे अगदी चोख केलंय.